राणी माशी बदलताना: सातेरी आणि मेलिफेरा पाळणाऱ्यांचे वारंवार येणारे प्रश्न

पेटी खालावली की पहिला संशय राणीवर जातो आणि लगेच नवी राणी कुठे मिळेल याची चौकशी सुरू होते. खालचे बरेचसे प्रश्न त्याच घाईत विचारलेले आहेत. उत्तरे प्रामुख्याने सातेरीसाठी, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या आपल्या देशी माशीसाठी आहेत. मेलिफेरासाठी, म्हणजे बाहेरून आणलेल्या युरोपीय माशीसाठी, वेगळे वागायचे तिथे तसे सांगितले आहे. परदेशी पुस्तके आणि व्हिडिओ जवळजवळ सगळे मेलिफेराचे असतात. त्यातले दिवसांचे हिशेब सातेरीला जसेच्या तसे लावू नका.

१. पेटीत राणी दिसत नाही. मेली असेल का?

न दिसण्यावरून काहीच ठरत नाही. सातेरीची राणी काळसर आणि चपळ असते. पेटी उघडली की ती चौकटीच्या मागच्या बाजूला, पेटीच्या भिंतीवर किंवा तळफळीवर पळते. म्हणून राणी शोधण्यात वेळ घालवू नका, अंडी शोधा. उन्हाकडे पाठ करून उभे राहा आणि चौकट अशी धरा की ऊन खांद्यावरून येऊन पोळ्यातल्या घरांच्या तळापर्यंत पोचेल. घराच्या तळाशी मधोमध एकच बारीक पांढरे अंडे दिसले, तर निदान तीन दिवसांपूर्वीपर्यंत राणी पेटीत होती, कारण अंडे तीन दिवसांत उबते.

याच हिशेबाने मागे जाता येते. अंडी नाहीत पण उघड्या अळ्या आहेत, तर राणी जाऊन तीन ते आठ दिवस झाले. फक्त टोपण घातलेली (मेणाने झाकलेली) पिलांची घरे उरली असतील, तर आठवडा उलटून गेला. तीही नसतील, तर तीन आठवडे. मात्र तीन आठवड्यांत पेटीने स्वतःच नवी राणी तयार केलेली असू शकते आणि ती अजून अंड्यावर आलेली (अंडी घालू लागलेली) नसते. अशा पेटीत विकतची राणी सोडणे म्हणजे ती मारायला देणे. आधी प्रश्न २ मधली चाचणी करा.

२. अंडीही नाहीत, राणीही नाही. खात्री कशी करायची?

दुसऱ्या निरोगी पेटीतून अंडी आणि अगदी लहान अळ्या असलेली एक चौकट घ्या. त्यावरच्या माश्या, विशेषतः राणी, झाडून मागे ठेवा. ही चौकट संशयित पेटीच्या मधोमध लावा आणि दोन-तीन दिवसांनी पाहा. पेटीला राणी नसेल तर या चौकटीवर माश्या राणीची घरे ओढायला लागतात: कामकरीचे घर रुंद करून खाली लोंबते घर बांधतात. काहीच बांधले नाही तर राणी आहे असे धरा, बहुधा कुमारी राणी, आणि दोन आठवडे थांबा.

या चाचणीचा दुसरा फायदा असा की चुकून राणी नसलीच, तर पेटीला स्वतःची राणी करायला साहित्य मिळालेले असते. कामकरी अंडी घालू लागलेल्या पेटीत मात्र ही चाचणी फसू शकते. तिथे राणी नसूनही राणीघरे बांधली जात नाहीत (प्रश्न १२).

३. राणी आहे, अंडीही घालते, पण पेटी वाढत नाही. बदलू का?

आधी पिलांची चौकट नीट पाहा. चांगल्या राणीची पिले सलग असतात: मध्यापासून बाहेर एकाच वयाची वर्तुळे, मध्ये रिकामी घरे तुरळक. झाकलेल्या पिलांमध्ये भोके-भोके दिसत असतील तर राणी म्हातारी झाली असेल, पण ती एकच शक्यता नाही.

उपासमारीत माश्या अळ्या खाऊन टाकतात, तेव्हाही चौकट अशीच दिसते. मेणपतंगाच्या अळ्या पोळ्यात बोगदे करत असतील तरीही. शेजारच्या शेतात फवारणी झाली असेल तर दारासमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. त्यात राणीचा दोष नसतो. सातेरीत सर्वांत जास्त घाबरावे ते थाई सॅकब्रूड या अळ्यांच्या विषाणूजन्य रोगाला. अळी टोपणाआधी किंवा टोपणाखाली मरते, डोके वर करून आडवी पडलेली दिसते आणि चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी हातात येते. १९९१–९२ मध्ये याच विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर संपवल्या. यावर औषध नाही. राणी बदलण्यामुळे पिलांमध्ये जो खंड पडतो त्याचा इथे उपयोग होऊ शकतो, पण आजारी पेटीतून चौकटी, मध किंवा राणीघरे दुसरीकडे नेऊ नका. मेलिफेरा असेल तर राणीवर खापर फोडण्याआधी व्हरोआ माइट (माश्यांवर आणि पिलांवर जगणारा बारीक कोळीवर्गीय परजीवी) तपासा.

४. किती माश्या असल्या तर राणी देण्यात अर्थ आहे?

सातेरीत निदान तीन चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या हव्यात, त्यातल्या एकीवर बाहेर पडायच्या बेतातली पिले हवीत. मेलिफेरात चार. त्याहून कमी माश्या नव्या राणीची अंडी ऊब देऊन सांभाळू शकत नाहीत. राणी स्वीकारली जाते, अंडी घालते, आणि पेटी तरीही महिन्याभरात संपते.

कमी माश्या असतील तर दोन मार्ग. दुसऱ्या पेटीतून टोपण घातलेल्या पिलांच्या एक-दोन चौकटी माश्या झाडून द्या, मग राणी द्या. नाहीतर पेटी सरळ दुसऱ्या पेटीत मिसळा (प्रश्न १३). एक पेटी कमी झाली याचे वाईट वाटून दोन्ही घालवू नयेत.

५. राणी कुठून आणायची?

मेलिफेराच्या फळलेल्या (नरांशी मीलन झालेल्या), पिंजऱ्यातल्या राण्या उत्पादकांकडून विकत मिळतात. सातेरीचा असा बाजार जवळजवळ नाही. सातेरीत राणी सहसा आपल्याच चांगल्या पेटीतून येते: थवा सुटण्याच्या हंगामात तयार झालेले राणीघर, किंवा एखाद्या विभागणीतली फळलेली राणी. निवड करताना फक्त मध पाहू नका. पेटी सोडून न जाणारी, चौकटीवर शांत राहणारी आणि सॅकब्रूडमधून वाचलेली वसाहत निवडा. प्रशिक्षणासाठी आणि वसाहतींसाठी महाबळेश्वरचे मध संचालनालय आणि पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था ही दोन ठिकाणे आहेत.

६. कोणत्या दिवसांत राणी बदलावी?

बाहेर मकरंद आणि पराग येत असताना. सह्याद्रीत जांभूळ, गेळा, हिरडा फुलायच्या आधीचा काळ चांगला. पठारावर सूर्यफूल, करडई, कांद्याचे बियाणे फुललेले असताना. भुकेली वसाहत परक्या राणीला सहज मारते.

जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर आणि कोकणात राणी बदलू नका. माश्या कोंडलेल्या असतात, नर जवळपास नसतात, त्यामुळे कुमारी राणी फळत नाही. पावसात पेटी बिनराणीची झाली तर मिसळून टाका. शिवाय पावसाळ्यात चांगली राणीसुद्धा अंडी घालणे खूप कमी करते किंवा थांबवते. तेव्हा ‘अंडी नाहीत’ याचा प्रश्न १ मध्ये दिलेला अर्थ लावू नका. तीन-चार दिवस साखरेचा पाक देऊन पाहा. राणी असेल तर बहुतेक वेळा अंडी दिसू लागतात.

७. पिंजऱ्यातून राणी देण्याची पद्धत नेमकी काय?

आदल्या दिवशी जुनी राणी शोधून काढा. ती सापडेपर्यंत नवी राणी देऊ नका. बिनराणीची पेटी असेल तर प्रत्येक चौकट पाहून सगळी राणीघरे मोडा. चौकटीच्या कोपऱ्यातले एक राहिले तरी नंतर सगळे वाया जाते. त्या संध्याकाळपासून एक भाग साखर, एक भाग पाणी असा पाक पेटीच्या आत द्या. सातेरीला रोज पाव लिटर पुरे. पाक बाहेर सांडला की शेजारच्या पेट्या लुटायला येतात. दार दोन-तीन माश्या जातील इतके अरुंद करा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिंजरा लावा. पिंजऱ्यात राणीबरोबर तिच्या मूळ पेटीच्या कामकरी असतील तर त्या काढून टाकणे चांगले. हे काम बंद खोलीत, खिडकीजवळ करा, म्हणजे राणी उडाली तरी काचेवर सापडते. मधल्या दोन पिलांच्या चौकटींमध्ये पिंजरा असा अडकवा की जाळी माश्यांच्या बाजूला मोकळी राहील. जाळी पोळ्याला चिकटली तर माश्यांना राणीला भरवता येत नाही. कँडीचे (पिंजऱ्याच्या तोंडात भरलेल्या साखर-मधाच्या गोळ्याचे, प्रश्न ८) तोंड किंचित वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर आत मेलेली माशी वाट अडवते. पहिले दोन दिवस कँडीचे बूच किंवा चिकटपट्टी काढू नका. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यावरच्या माश्यांचे वागणे पाहून (प्रश्न ९) ती काढा. माश्या कँडी खाऊन एक-दोन दिवसांत राणीला मोकळी करतात.

त्यानंतर सात दिवस पेटी उघडायची नाही. हा सगळ्यांत जास्त मोडला जाणारा नियम आहे. नव्या राणीला पेटीचा वास नीट लागायच्या आत उघडले की माश्या बिथरतात आणि राग तिच्यावर निघतो. धूर अगदी थोडा द्या. सातेरी जास्त धुराने शांत होत नाही, चौकटी सोडून पळते.

पेटी मोठी आणि तापट असेल तर जाळीचा दाबपिंजरा जास्त भरवशाचा: बारीक भोकांच्या तारेच्या जाळीचा साधारण १० × १० सेंटिमीटरचा, दोन सेंटिमीटर खोल डबा. बाहेर पडणाऱ्या पिलांवर आणि थोड्या मधावर तो राणीसकट पोळ्यात दाबून बसवतात. नुकत्या जन्मलेल्या माश्या परक्या राणीशी भांडत नाहीत. राणी आतच अंडी घालू लागते आणि अंड्यावर आलेली राणी क्वचितच मारली जाते. चार-पाच दिवसांनी आत अंडी दिसली की जाळी उचला.

८. कँडी घरी कशी करायची?

वजनाने चार भाग पिठीसाखर, एक भाग मध. साखर घरी मिक्सरमध्ये दळा. तयार आयसिंग शुगरमध्ये बहुधा कॉर्नफ्लोअर असते, ते माश्यांना बाधते. गोळा हाताला चिकटायचा थांबेपर्यंत मळा आणि एक दिवस झाकून ठेवा. पसरला तर आणखी साखर घाला. पातळ कँडी दमट हवेत वितळून राणीला चिकटते, फार कडक असेल तर राणी आत अडकून राहते. पाच दिवसांनीही ती आतच असेल आणि माश्या शांत असतील तर तोंड उघडून तिला चौकटीवर चालत जाऊ द्या. मध आपल्याच निरोगी पेटीचा वापरा. बाजारच्या मधातून रोग येऊ शकतो.

९. पिंजऱ्यावरच्या माश्या राणीला भरवताहेत की मारायला टपल्या आहेत?

बोटाने हलकेच बाजूला सारून पाहा. स्वीकारणाऱ्या माश्या सहज सरकतात, जाळीतून जीभ आत घालतात, पंख हलवत उभ्या असतात. रागावलेल्या माश्या जाळीला घट्ट धरून बसतात, तार चावतात, पोट वाकवतात, सारल्या तरी परत येतात. असे असेल तर कँडी बंदच ठेवा आणि पेटीत दुसरी राणी किंवा राहिलेले राणीघर शोधा. सापडले नाही तर आणखी दोन दिवस थांबा.

१०. राणी सोडल्यावर माश्यांनी तिच्याभोवती घट्ट गोळा केला. काय करू?

पुढच्या काही मिनिटांत काही केले नाही तर राणी मरेल. गोळा ओंजळीत उचलून कोमट पाण्याच्या वाटीत टाका, माश्या सुटतात. हाताने ओढून सोडवू नका, राणीचा पाय किंवा पंख जातो. राणी धडधाकट असेल तर पिंजऱ्यात घालून पुन्हा प्रश्न ७ पासून सुरुवात करा. लंगडत असेल तर माश्या तिला काही आठवड्यांत बदलतील. ठेवण्यात अर्थ नाही.

११. राणीऐवजी राणीघर लावले तर? आणि अंडी कधी दिसायची?

सातेरीसाठी हाच बहुतेकांना परवडणारा मार्ग आहे. पिकलेले राणीघर घ्या: टोकावरचे मेण माश्यांनी खरवडून टोक तपकिरी दिसू लागले की राणी एक-दोन दिवसांत बाहेर पडणार असते. अंड्यापासून बाहेर पडेपर्यंत साधारण १५–१६ दिवस जातात. आजूबाजूचे बोटभर पोळे ठेवून कापा. उलटे करू नका, झटकू नका, उन्हात ठेवू नका. ज्या बाजूने लोंबत होते त्याच बाजूने, टोक खाली ठेवून, पिलांच्या चौकटीवर दाबून बसवा. पेटी एक दिवसापेक्षा कमी काळ बिनराणीची असेल तर माश्या परके घर कडेने फोडतात. कडांना ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, टोक मात्र उघडे.

राणी बाहेर पडल्यावर पाच ते दहा दिवसांत फळण्यासाठी उडते, त्यानंतर दोन-तीन दिवसांत अंडी घालते. हवा ढगाळ असली तर लांबते. बाहेर पडल्यापासून तीन आठवडे होऊनही अंडी नाहीत, किंवा कामकरींच्या घरांत फक्त नरांची फुगीर टोपणे दिसू लागली, तर ती फळलेली नाही. तिला काढा.

आणि हो: पेटी पळून जाऊ नये म्हणून दाराला राणी अडवणारी जाळी लावायची सवय असेल, तर कुमारी राणी असताना ती काढून ठेवा. ती बाहेर गेलीच नाही तर फळणार कशी? दर हंगामात काही पेट्या याच कारणाने जातात.

१२. एकेका घरात दोन-तीन अंडी आहेत. राणी जोमात आहे ना?

बहुधा उलट आहे. राणी नाही आणि कामकरी अंडी घालू लागल्या आहेत. त्यांचे पोट आखूड असते, म्हणून अंडी तळाशी न पडता घराच्या भिंतीवर चिकटतात. त्यातून नरच निघतात. सातेरीच्या नरांच्या टोपणाला मधोमध बारीक भोक असते, ते इथे ओळखायला सोपे जाते. मेलिफेरात ही वेळ यायला राणी जाऊन तीन-चार आठवडे लागतात. सातेरीत ती खूप लवकर येते, म्हणून बिनराणीच्या सातेरीबाबत ‘पुढच्या रविवारी बघू’ चालत नाही.

अपवाद एक: नुकतीच अंड्यावर आलेली राणी पहिल्या काही दिवसांत एखाद्या घरात दोन अंडी घालते. ती तळाशीच असतात आणि लवकरच एकेक अंडे दिसू लागते.

अंडी घालणाऱ्या कामकरींच्या पेटीत पिंजऱ्यातली राणी सोडू नका, जवळपास नेहमीच मारली जाते. माश्या बऱ्याच असतील तर दर पाच-सहा दिवसांनी उघड्या अळ्यांची एक चौकट द्या. उघड्या पिलांच्या वासाने कामकरींचे अंडी घालणे दबते. तिसऱ्या चौकटीवर राणीघरे ओढली गेली की पेटी पुन्हा वाटेवर आली. माश्या कमी असतील तर दुपारी सगळ्या चौकटी धडधाकट पेट्यांसमोर झाडा आणि रिकामी पेटी जागेवरून हलवा. माश्या शेजारी सामावतात.

१३. दोन पेट्या मिसळायच्या कशा?

रोज हात-दीड हात सरकवत पेट्या शेजारी आणा. दोन्हीकडे राणी असेल तर आदल्या दिवशी एक काढा. संध्याकाळी राणीच्या पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद पसरा, टाचणीने पाच-सहा भोके पाडा आणि वर बिनराणीची पेटी ठेवा. दोन-तीन दिवसांत कागदाचा भुगा दाराबाहेर पडतो, तोवर वास एक झालेला असतो. मग चौकटी एकत्र करा आणि माश्यांनी न झाकलेली पोळी काढून घ्या, नाहीतर मेणपतंग लागेल.

१४. मेलिफेराची राणी सातेरीच्या पेटीत चालेल का? ती जास्त अंडी घालते.

नाही. या दोन वेगळ्या जाती आहेत. सातेरी तिला स्वीकारत नाही, शिवाय दोघींच्या घरांची मापे वेगळी. अंडी किंवा पिलांच्या चौकटी अदलाबदल करण्याचाही प्रयोग नको.

१५. पिंजरा उघडताना राणी उडाली. गेली का?

पेटी उघडी ठेवून दोन पावले मागे व्हा आणि हलू नका. एका चौकटीवरच्या माश्या दारासमोर झाडा. त्या पोट वर करून पंख हलवतात, तो वास राणीला वाट दाखवतो. दहा-पंधरा मिनिटांत ती बऱ्याचदा पेटीवर किंवा जवळच्या फांदीवर माश्यांच्या छोट्या घोळक्यात सापडते. शेजारच्या पेटीच्या दारातही पाहा.

१६. राणी स्वीकारली, पिलेही आली. आता चौकटीच्या मधोमध एक राणीघर बांधलेय. मोडू का?

एक-दोन घरे, मधोमध, पेटीत गर्दी नाही: माश्या राणी बदलत आहेत. तिला पिंजऱ्यात इजा झाली असेल किंवा ती नीट फळलेली नसेल. मोडू नका, मोडले तर पुन्हा बांधतील. कधीकधी आई आणि मुलगी काही दिवस एकाच पेटीत अंडी घालतात, तेही चालू द्या. खालच्या काठावर पाच-दहा घरे लोंबत असतील तर मात्र तो थवा सुटण्याचा बेत आहे.

१७. राणीला रंगाचा ठिपका कोणता लावायचा?

जगभर एकच क्रम आहे. वर्षाचा शेवटचा अंक १ किंवा ६ असेल तर पांढरा, २ किंवा ७ पिवळा, ३ किंवा ८ लाल, ४ किंवा ९ हिरवा, ५ किंवा ० निळा. ठिपका पाठीवर, पंखांच्या मधे, अगदी लहान. ती अंड्यावर येईपर्यंत थांबा. कुमारी राणीला हात लावू नका.

१८. नव्या राणीनंतर पेटी कधी भरेल?

पहिल्या अंड्यातून कामकरी बाहेर पडायला सुमारे तीन आठवडे, ती फुलांवर जायला आणखी दोन-तीन. या काळात जुन्या माश्या मरतच असतात, म्हणून राणी दिल्यानंतरचा महिना पेटी आणखी रोडावलेली दिसते. तेव्हा पाक चालू ठेवा, दार अरुंदच ठेवा, स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांतले पाणी आटू देऊ नका म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. त्या हंगामात या पेटीचा मध काढायचा नाही.